हौशी बिनतारीचा अल्पमोली संच

अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ साली ‘२ जेके’ हे संकेतनाम घेऊन कलकत्त्यातून बिनतारी संदेश पाठविण्यास आरंभ केला, त्या वेळी ‘आकाशवाणी’ हा शब्द या देशात पुराणकथांबाहेर कोणाच्या कानी पडला नव्हता. मुंबई आणि कलकत्ता येथील नियमित नभोवाणी केंद्रे १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये निघाली. म्हणजे सरकारमान्य ध्वनिक्षेपणाच्या सहा वर्षे आधीच या शहरातील काही हौशी मंडळी आपल्या घराच्या छपरावरून एकमेकांशी संकेतभाषा बोलत होती. गुप्तूंबरोबर ‘२ एचक्यू’ या संकेतनामाचे मुकुल बोस होते आणि १९२३ च्या नोव्हेंबरात तेथे रेडिओ क्लबही स्थापन झाला. या शहराला या विद्येचे वेड फार जुने आहे, यात नवल नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडे विद्युल्लहरी पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली, तेव्हापासून ही परंपरा मोजावयास हरकत नाही.

त्या काळच्या हौशी माणसास संच विकत मिळत नसे. तो त्याला जुळवावा लागे. वेटोळी हातांनी गुंडाळावयाची, व्हॉल्व्ह मिळवावयाचे, कंडेन्सरांना डाख द्यावयाचा आणि मग कानाला श्रवणयंत्र लावून तासन् तास बसावयाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामग्रीने हे काम काहीसे सुकर केले. तथापि तीही सामग्री उघडून, फिरवून, नव्या कंपनसंख्येवर आणूनच वापरावी लागे. या खटाटोपाचा एक लाभ असा होता की, आपल्या यंत्राच्या पोटात काय आहे आणि ते कोठे बिघडते, हे त्याच्या मालकास पुरते ठाऊक असे.

आज कोलकात्यातील एखादा महाविद्यालयीन तरुण हौशी केंद्रचालकाची परीक्षा उत्तीर्ण होतो, ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे संकेतनाम त्याला मिळते आणि पहिला संच म्हणून तो बहुधा एक चिनी हातसंच घेतो. २०१२ च्या सुमारास बाजारात आलेला ‘बाओफेंग यूव्ही-५आर’ हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना होय. तो तळहातात मावतो, दोन पट्ट्यांवर बोलतो, चार-पाच वॅट शक्ती देतो, सव्वाशेच्या वर वाहिन्या स्मरणात ठेवतो, आणि इतके करून त्याची किंमत दोन-अडीच हजार रुपयांच्या आसपास असते. नावाजलेल्या जपानी कंपन्यांच्या तशाच संचास याच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागते. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी ही किंमतच या संचाची सर्वांत मोठी शिफारस आहे. मात्र इतक्या स्वस्ताईत काही तरी वगळले गेले असणार, हे उघड आहे.

जुन्या पद्धतीच्या ग्रहणयंत्रात बाहेरून आलेला संदेश प्रथम गाळण्यांच्या एका रांगेतून जाई. नको असलेल्या कंपनसंख्या तेथेच अडविल्या जात. मग तो दुसऱ्या, ठरलेल्या कंपनसंख्येवर आणला जाई आणि तेथे पुन्हा स्फटिकाच्या गाळणीतून काढला जाई. या प्रत्येक पायरीला जागा लागते, सुटे भाग लागतात आणि ते जुळविणारा कुशल हात लागतो. नव्या अल्पमोली संचात यांपैकी बहुतेक सर्व काम नखाएवढ्या एका सिलिकॉनच्या तुकड्यावर गणिताने केले जाते. तो तुकडा स्वस्त आहे, हुशार आहे आणि कारखान्यातून लाखांनी बाहेर पडतो. महाग पडतात त्या त्याच्या पुढच्या आणि मागच्या गाळण्या. किंमत उतरविणाऱ्या कारखानदाराची कात्री साहजिकच तेथे चालते.

येथे न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. जे काम हा संच करतो, ते तो बरे करतो. शांत जागी क्षीण संदेश ऐकण्याची त्याची शक्ती महाग संचांच्या फारशी मागे नाही. आवाज स्पष्ट असतो. विजेरी दिवसभर पुरते. पहिल्यांदाच आपले संकेतनाम उच्चारून शहराच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर येते, तेव्हा नवशिक्यास होणारा आनंद संचाच्या किमतीवर अवलंबून नसतो. या स्वस्त संचांनी जगभर हजारो तरुणांना या छंदाकडे आणले, हे त्यांचे कठोर टीकाकारही मान्य करतात.

मग दोष कोठे आहे? संगीताच्या जाणकारास तो चटकन उमजेल. तंबोऱ्याची तार छेडली असता केवळ तिचा मूळ स्वर निघत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे सूक्ष्म स्वरही त्यात मिसळलेले असतात, आणि तंबोरा उत्तम जुळला म्हणजे त्यांतूनच स्वयंभू गांधार ऐकू येतो. बिनतारी प्रक्षेपकाचेही असेच आहे. १४५ मेगाहर्ट्झवर बोलणारा संच २९० वर आणि ४३५ वरही थोडे थोडे बोलतच असतो. फरक एवढाच की, तंबोऱ्यातील गांधार ही मैफलीची शोभा, तर प्रक्षेपकातील हे उपस्वर म्हणजे दुसऱ्याच्या घरात घुसलेला गोंगाट. २९० च्या परिसरातील कंपनसंख्या अनेक देशांत लष्करी विमानांच्या दळणवळणासाठी राखलेल्या आहेत. आणि ४३५ हा आकडा तर भारतातील हौशी मंडळींना दिलेल्या ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ या दुसऱ्या पट्ट्यातच पडतो. म्हणजे खालच्या पट्ट्यावर बोलणारा मनुष्य नकळत वरच्या पट्ट्यावरील आपल्याच बांधवांच्या कानांत ओरडत असतो.

हे उपस्वर पूर्णपणे नाहीसे करता येत नाहीत. ते किती दाबावयाचे, एवढाच प्रश्न असतो. अमेरिकेतील नियम या बाबतीत नेमका आहे. या पट्ट्यातील पंचवीस वॅटपर्यंतच्या हौशी प्रक्षेपकातून निघणारी कोणतीही अवांतर शक्ती २५ मायक्रोवॅटच्या वर जाता कामा नये. पाच वॅटचा संच घेतला तर हे प्रमाण मूळ शक्तीचा दोन लाखावा अंश इतके पडते. समजा, एखाद्या संचाची गाळणी कमकुवत आहे आणि त्याचा उपस्वर मूळ शक्तीच्या हजाराव्या अंशापर्यंतच दबतो. ऐकावयास हे फार वाटत नाही, पण त्याचा अर्थ पाच मिलिवॅट, म्हणजे मर्यादेच्या दोनशेपट होतो. मोकळ्या जागेत पाच मिलिवॅटचा संदेश काही किलोमीटर विनासायास जातो.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेतील हौशी रेडिओ संघटनेच्या प्रयोगशाळेने हौशी मेळाव्यांत जमलेल्या लोकांचे हातसंच जागच्या जागी तपासले आणि २०१५ साली ‘क्यूएसटी’ या आपल्या मासिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या नामांकित कंपन्यांचे संच जवळजवळ सर्व मर्यादेत भरले, तर अल्पमोली संचांपैकी पुष्कळसे भरले नाहीत. एकाच नमुन्याचे दोन संच घेतले तर एक निर्दोष निघे आणि दुसरा सदोष. कारखान्यात भाग बदलतात, जुळणी बदलते, मात्र वरचे कवच आणि त्यावरील अक्षरे तीच राहतात. म्हणून ‘अमुक नमुना चांगला’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याने स्वतःच्या हातातील एक संच पाहिला आहे एवढेच त्यावरून समजावे.

या दोषाचे खरे लक्षण असे की, तो मालकास कधीच जाणवत नाही. घड्याळ मागे पडले तर ते हातात बांधणाऱ्याची गाडी चुकते, जोडा चावला तर घालणाऱ्याचाच पाय सोलतो. या संचाचा उपद्रव मात्र सगळाच्या सगळा तिऱ्हाइताला होतो. बोलणाऱ्याला उत्तर येते, मित्र ‘आवाज उत्तम’ म्हणतात, आणि त्याच वेळी दोन गल्ल्यांपलीकडे कोणाच्या तरी यंत्रात खरखर उठलेली असते. बाजारातील नेहमीचा न्याय, की वाईट माल गिऱ्हाइकाच्या तक्रारीने आपोआप मागे पडतो, येथे लागू पडत नाही. गिऱ्हाईक संतुष्ट आहे. तक्रार ज्याची असावयास हवी, त्याला ती कोणाविरुद्ध करावी हेच कळत नाही.

ऐकण्याच्या बाजूचा दोष निराळा आहे, आणि तो कोलकात्यासारख्या शहरात विशेष बाधतो. आकाशवाणीची आणि खाजगी एफएम केंद्रांची प्रबळ प्रक्षेपणे, भ्रमणध्वनीचे मनोरे आणि इमारतीइमारतींतील सुरक्षारक्षकांचे संच या सर्वांच्या लहरींनी तेथील हवा भरून गेलेली असते. पुढची गाळणी कमजोर असलेला संच या कोलाहलात अक्षरशः बहिरा होतो. शेजारचा मोठा आवाज त्याचे कान व्यापून टाकतो आणि दूरचा क्षीण संदेश त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. गंमत अशी की, घरात लहान एरियलवर ठीक ऐकणारा हाच संच गच्चीवरील उंच एरियलला जोडला की मुका पडल्यासारखा वाटतो, कारण मोठे एरियल हव्या त्या संदेशाबरोबर नको तो गोंगाटही मुबलक आणून ओतते. नवशिक्याची मात्र समजूत होते की, पट्टा ओसाड आहे, कोणी बोलतच नाही. अशा गैरसमजापायी छंद सोडून देणारे थोडे नसतील.

याहून गंभीर गोष्ट तिसरीच आहे. भारतात हौशी माणसास या क्षेत्रात १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढीच वाट मोकळी आहे. हा संच मात्र कारखान्यातून येतानाच १३६ पासून १७४ पर्यंत आणि ४०० पासून ५२० पर्यंत कोठेही बोलावयास तयार असतो. घरमालकाने भाडेकरूस एका खोलीची किल्ली द्यावी आणि ती साऱ्या वाड्याच्या कुलपांना लागावी, तसा हा प्रकार होय. कोलकात्यात या वाड्यात कोण कोण राहते, ते पाहण्यासारखे आहे. हुगळीतून वर येणारी जहाजे आणि त्यांना वाट दाखविणारे पायलट १५६ ते १६२ च्या दरम्यान बोलतात. १५६.८ ही तर समुद्रावरील संकटाच्या हाकेसाठी सर्व जगाने राखलेली कंपनसंख्या आहे. रेल्वेचे गार्ड आणि स्टेशनमास्तर याच परिसरातील संच वापरतात. चुकीचे एक बटण दाबले गेले, तर विद्यार्थ्याची गप्पागोष्टींची हाक नदीतल्या जहाजाच्या दालनात उमटते.

म्हणूनच परवान्याचे बंधन हे सरकारी काटेकोरपणाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणेच गुन्हा ठरविले. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला, तरी हे बंधन कायम आहे. ४४६ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या अगदी अल्प शक्तीच्या संचांना २०१८ च्या नियमांनी सूट दिली आहे. वर वर्णिलेले संच त्या सवलतीत बसत नाहीत. विकणारे मात्र हा भेद क्वचितच सांगत. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांना नोटिसा दिल्या, त्या याच कारणासाठी. बंगालला सीमा जवळ आहे, याचाही येथे विसर पडू नये. त्याच वर्षाच्या आरंभी बांगलादेश सीमेलगतच्या भागांतून अनधिकृत सांकेतिक संभाषणे ऐकू येत असल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली, आणि ती प्रथम टिपली होती ती तेथील हौशी बिनतारी मंडळींनीच. ज्या प्रदेशात कोणता आवाज कोणाचा हे ओळखण्याचे काम हौशी माणसाकडे येते, तेथे त्याने स्वतः संकेतनामावाचून बोलणे कसे चालेल?

आता अंतराचा प्रश्न. संचाच्या खोक्यावर कधी कधी पंधरा-वीस किलोमीटरचा पल्ला छापलेला असतो. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या गोलाईपलीकडे फारशा वळत नाहीत. दोन माणसे सपाट मैदानावर संच हातात घेऊन उभी राहिली, तर त्यांची दृष्टिरेषा दहा-एक किलोमीटरवर संपते. दाट वस्तीत तर दोन-तीन किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. पुण्याच्या माणसास सिंहगड आहे, नाशिकच्यास पांडवलेणी आहेत. माथ्यावर चढले की त्याचा पल्ला वाढतो. गंगेच्या गाळाने घडलेल्या कोलकात्याला टेकडी म्हणून नाही. तेथे गच्ची हाच डोंगर. पंचवीस मीटर उंचीच्या गच्चीवर एरियल गेले की रस्त्यावरील माणसाशी जोडणारी दृष्टिरेषा सुमारे पंचवीस किलोमीटरपर्यंत पोहोचते आणि दोन तशा गच्च्यांमध्ये ती चाळीस ओलांडते. यात संचाच्या किमतीचा काही संबंध नाही. संचाबरोबर येणारे वीतभर रबरी एरियल हे सोयीसाठी केलेली तडजोड असते. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी दोन मीटरांहून किंचित जास्त, तिचा चौथा हिस्सा सुमारे अर्धा मीटर. तेवढी एक उभी तार आणि तिच्या तळाशी खाली कललेल्या तशाच चार तारा, इतक्या साध्या सामग्रीने होणारा फरक महाग संच घेऊनही होत नाही.

परंतु येथे एक पेच आहे. अर्ध्या मीटरची तार १४५ वर जशी सुरात लागते तशीच ती ४३५ वरही लागते, कारण तेथे ती तरंगलांबीचा पाऊण हिस्सा होते. म्हणजे एरियल सुधारले की सदोष संचाचा तिसरा उपस्वरही तितक्याच दिमाखाने दूरवर जाऊ लागतो. म्हणून एरियलच्या आधी गाळणी, हा क्रम सोडता येत नाही. १४५ च्या वरचे सारे अडविणारी गाळणी बनविणे अवघड नाही. दोन-तीन वेटोळी आणि तीन-चार कंडेन्सर पत्र्याच्या छोट्या डबीत बसविले की ती होते. कोलकात्याच्या चांदनी बाजारात हे सुटे भाग किरकोळ किमतीस मिळतात. अर्थात ही डबी लावली की वरचा पट्टा बंद होतो. तो हवा असल्यास दुसरी गाळणी करावी लागते. डबी खिशातल्या संचाला लोंबकळत ठेवणे गैरसोयीचे, हेही खरे. तरी गच्चीवरील एरियलसाठी ती अडचण नाही.

हा सारा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील, तर त्याने मकरसंक्रांतीच्या सुमारास गंगासागरास जावे. कोलकात्याच्या दक्षिणेस सुमारे शंभर किलोमीटरवर, मुडीगंगा ओलांडून गेल्यावर सागरबेट लागते. लाखो यात्रेकरू तेथे स्नानास जमतात. त्या गर्दीत दरवर्षी माणसे हरवतात, बहुधा वृद्ध, आणि पुष्कळदा बंगाली न जाणणारी. पश्चिम बंगालमधील हौशी बिनतारी संघाचे स्वयंसेवक अशा माणसांचे नाव-गाव समजून घेतात, त्या त्या प्रांतातील आपल्या सहकाऱ्यांपर्यंत ते पोहोचवितात आणि घरच्यांचा शोध लावतात. बेटावर एकाच छत्राखाली चार-पाच संच शेजारी शेजारी चालू असतात. त्यांतील एक जरी अस्वच्छ प्रक्षेपक असला, तर तो दाबताक्षणी बाकीच्यांचे कान बंद होतात. एखाद्या भेदरलेल्या म्हातारीने मोठ्या कष्टाने आठवून सांगितलेले खेड्याचे नाव नेमके त्याच क्षणी बुडून जावयाचे.

वादळाची गोष्ट तर आणखी निराळी. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ कोलकात्यावरून गेले, तेव्हा शहराच्या कित्येक भागांत वीज आणि भ्रमणध्वनी ही दोन्ही दिवसेंदिवस बंद होती. २००९ च्या मे महिन्यात आयलाने सुंदरबनचे बांध फोडले होते. अशा वेळी हातसंच उपयोगी पडतो, पण त्याच्या मर्यादा ध्यानी ठेवूनच. त्याची विजेरी विशिष्ट साच्यातच भरते आणि तो साचा वीज मागतो. स्वस्त संचाचे कवच पावसास दाद देत नाही. आणि सागरबेटाहून कोलकात्यापर्यंत तो थेट बोलू शकत नाही. तेथे मध्ये दुवा ठेवावा लागतो किंवा लघुलहरींचा मोठा संच लागतो. टेबलाच्या खणातून काढून ऐन वादळात प्रथमच चालू केलेला संच फार काही करील, ही आशा व्यर्थ आहे.

काही जुन्या जाणत्यांचे मत असे आहे की, नवशिक्याने असला संच घेऊच नये, पैसे साठवून चांगलाच घ्यावा. मत सद्हेतूचे असले तरी ते मानल्यास पुष्कळ गरीब विद्यार्थी दारातूनच परत जातील, आणि या विद्येला आज माणसे हवी आहेत. त्याऐवजी करण्यासारखे एक काम आहे आणि ते संघांचे आहे. उपस्वर डोळ्यांना दाखविणारे मापकयंत्र पूर्वी केवळ मोठ्या प्रयोगशाळांना परवडे. आता त्याची छोटी, चांगल्या हातसंचाच्या किमतीत मिळणारी आवृत्ती निघाली आहे. एका संघाने असे एक यंत्र घ्यावे आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाचा संच पहिल्या दिवशीच त्यावर लावून पाहावा. पडद्यावर १४५ चा उंच खांब दिसतो, २९० आणि ४३५ जवळ त्याचे ठेंगू सोबती दिसतात. त्यांची उंची मोजावयास पाच मिनिटे पुरतात. सोबती फार वाढलेले दिसले, तर त्याच संध्याकाळी विद्यार्थ्यास डाख देण्याची लेखणी हातात द्यावी आणि गाळणी करावयास बसवावे. तोवर संच ऐकण्यासाठी वापरावा, बोलणे आवश्यकच असेल तर एक वॅटच्या खालच्या पायरीवर बोलावे, आणि संचाच्या स्मरणात १४४ ते १४६ मधल्या वाहिन्या भरून बाकीच्या कंपनसंख्यांचे आकडे हाताने फिरविण्याची सोय कुलूपबंद करावी. ते कुलूप या संचातच असते. बहुतेकांना ते ठाऊक नसते, इतकेच.